एक थेंब पिवळा जास्त

क्लचबाईंनी लग्न ठरवलं तेव्हा त्यांचं वय होतं एकोणसाठ आणि नवरदेवाचं चौसष्ट. आता यात हसण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा! पण लोक हसले. आणि लोकांचं सोडा, क्लचबाई स्वतःच इतक्या हसत होत्या की कोण कुणाला हसतंय तेच कळेना. सिग्नलला थांबल्या की हसायच्या, रिव्हर्स घेताना हसायच्या, आरशात बघून हसायच्या. त्यांच्याकडे गाडी शिकणारी पोरं बिचारी घाबरून जायची. बाई ओरडल्या तर ठीक आहे, त्याची सवय होती. बाई हसल्या म्हणजे गाडी नक्की कशावर तरी चढली असणार, असा त्यांचा समज.

तीस वर्षं ही बाई लोकांना गाडी शिकवत होती. शेजारच्या सीटवर बसून, पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक आणि वेगळा क्लच घेऊन, "क्लच! अरे क्लच! क्लच दाब रे राजा!" असं ओरडत तिने अर्धं शहर रस्त्यावर आणलं होतं. म्हणून नाव पडलं क्लचबाई. नावाचं त्यांना काही वाटायचं नाही. उलट फोन उचलताना त्या स्वतःच म्हणायच्या, "हां, क्लचबाई बोलतेय."

नवरदेव म्हणजे लिफ्टकाका. चाळीस वर्षं लिफ्टदुरुस्तीत घालवलेला, ग्रीसचा वास अंगात मुरलेला, उंच, हडकुळा, भिडस्त माणूस. लग्न कधी केलंच नव्हतं. निवृत्त झाल्यावर एक दिवस क्लचबाईंच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "जन्मभर वर-खाली केलं बाई, आता जरा पुढे जावं म्हणतो."

पुढे कसला जातोय! सिग्नल हिरवा झाला तरी हा आपला थांबून. मागून हॉर्नचा नुसता गजर. क्लचबाई ओरडल्या, "अहो, कशाची वाट बघताय?" तर म्हणाला, "दार उघडायची." सवय हो, दुसरं काय! परीक्षेत दोनदा नापास झाला, तिसऱ्यांदा पास झाला, लायसन्स हातात पडलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा शिकवणीला हजर.

"आता काय शिकायचं राहिलंय?" क्लचबाईंनी विचारलं.

"शिकायचं काही नाही," लिफ्टकाका स्टिअरिंगकडे बघत म्हणाले. "तुमचा ओरडा ऐकल्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही."

झालं! याच्याहून गोड बोलणं क्लचबाईंच्या वाट्याला आयुष्यात आलं नव्हतं. पण बाई पक्की. विरघळता विरघळता तिने एक अट घातलीच. तिचा पहिला नवरा, रंगाच्या दुकानाचा मालक, फुफ्फुसांच्या आजाराने गेला होता. तीन वर्षं पलंगाशेजारी ऑक्सिजनचं नळकांडं. ती बसल्या बसल्या झोपायला शिकली, नळकांड्याचा आवाज बदलला की झोपेतून उठायला शिकली, आणि तो गेल्यावर वर्षभर तिला शांततेत झोपच येईना.

"मी पुन्हा आजारपण काढणार नाही," ती लिफ्टकाकांना म्हणाली. "आधीच सांगते. वाईट वाटलं तर वाटू दे. माझ्यात ते उरलेलंच नाही हो."

"अहो, मला साधी सर्दी होत नाही," लिफ्टकाका म्हणाले, आणि छाती पुढे काढायला गेले, पण छाती होती कुठे पुढे काढायला!

आता उरला मुलगा. बापाचं दुकान तोच चालवायचा आणि क्लचबाई त्याला चिडून असो वा लाडाने, रंगशेठच म्हणायच्या. दुकानात भिंतीचा पोपडा घेऊन कुणी आलं की रंगशेठ तो उजेडात धरून, डोळे बारीक करून सांगायचा, "चार थेंब काळा, दीड थेंब लाल," आणि हुबेहूब तोच रंग डब्यात घोटून द्यायचा. आपल्याला जो एक पांढरा दिसतो, तो त्याला चाळीस प्रकारचा दिसायचा. वहिनी, म्हणजे त्याची बायको (सासूसकट सगळे तिला वहिनीच म्हणायचे), म्हणायची की हा माणूस दूध प्यायच्या आधी त्याची शेड सांगतो.

हे बघा, पोरगा वाईट नव्हता. बापावर जीव होता त्याचा. बापाच्या शेवटच्या तीन वर्षांत आईची काय दशा झाली, तेही त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. पण आई लग्न करतेय म्हटल्यावर त्याला ना धड रडता येईना ना धड ओरडता, म्हणून तो कायद्यावर गेला. "लग्नाच्या नोंदणी कार्यालयात हरकत नोंदवता येते," तो म्हणाला. "मी जाऊन नोंदवीन. लेखी."

"काय हरकत नोंदवणार?" क्लचबाईंनी विचारलं. "नवरी हसते म्हणून?"

"सापडेल काहीतरी," रंगशेठ म्हणाला.

आणि सापडलं की हो! लिफ्टकाकांना घरी जेवायला बोलावलं होतं. आता लिफ्टकाकांचा स्वभाव असा, की टेन्शन आलं की पोटाला कुलूप. मुलाला भेटायचंय म्हणून आदल्या दिवसापासून पोटात अन्नाचा कण नाही. आले, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीच्या कडेवर बसले, वहिनीने वाढलेलं सूप वाटीतल्या वाटीत चमच्याने फिरवत राहिले. रंगशेठ समोर बसून एकटक त्यांच्या डोळ्यांत बघतोय. मग उठला, बॅगेतून शेडकार्ड काढलं, पंख्यासारखं उलगडलं आणि खिडकीशी नेऊन बसवलं त्यांना.

"काका, जरा वर बघा. आता डावीकडे."

"अरे, काय चाललंय तुझं!" क्लचबाई ओरडल्या.

रंगशेठने लिफ्टकाकांच्या डोळ्याशेजारी एक पट्टी धरली, ती खाली केली, दुसरी धरली. "‘साय’," तो म्हणाला. "डोळ्याचा पांढरा असतो ‘शंख’. फार तर ‘मोगरा’. हा सरळसरळ ‘साय’ आहे. एक थेंब पिवळा जास्त."

"लहानपणापासून असेच आहेत थोडे," लिफ्टकाका ओशाळून म्हणाले.

"कावीळ," रंगशेठने निकाल दिला. "लिव्हर. दारू पिता?"

"एकदा प्यायलो होतो," लिफ्टकाका प्रामाणिकपणे म्हणाले. "लग्नात. दुसऱ्याच्या."

दुसऱ्या दिवशी रंगशेठने स्वतः त्यांना लॅबमध्ये नेऊन रक्त द्यायला लावलं. रक्त द्यायचं म्हणून लिफ्टकाका पुन्हा उपाशी. तिथे कुणी उपाशी या म्हणालं नव्हतं हं, पण या गृहस्थांना कुलूप लावायला कारणच लागत नव्हतं. संध्याकाळी रिपोर्ट आला. बिलिरुबिन, दोन पूर्णांक नऊ. शेजारी छापलेलं, नॉर्मल शून्य पूर्णांक दोन ते एक पूर्णांक दोन. आणि आकड्यापुढे वर तोंड केलेला एक काळाकुट्ट बाण.

त्या कागदावर आणखी बरंच काही होतं. पण बाण दिसला की माणसाला दुसरं काही दिसतं का? रंगशेठला दिसला बाण, वहिनीला दिसला बाण, आणि क्लचबाईंना तर बाणाच्या टोकाशी ऑक्सिजनचं नळकांडं दिसलं. पहिल्यांदाच त्या दिवसभर हसल्या नाहीत. शिकणारी पोरं आणखीच घाबरली.

आता या असल्या वेळी आपल्याकडे सल्ले फुकट मिळतात. लिफ्टकाकांच्या शेजाऱ्याने सांगितलं, लिव्हरला विश्रांती द्या, पोट रिकामं ठेवा. त्यांना कुलूप लावायला सांगायचं म्हणजे मासोळीला पोहायला शिकवायचं! त्यांनी चार दिवस नुसतं लिंबूपाणी आणि उकडलेला दुधी यांवर काढले. गालफडं बसली, पँट पट्ट्याला लटकायला लागली. मग मोठ्या आशेने पुन्हा रक्त दिलं, तर आकडा तीन पूर्णांक सहा! करायला गेलो एक आणि झालं भलतंच. डोळे आता शेडकार्डाशिवायही पिवळे दिसत होते.

सकाळी ते क्लचबाईंच्या गाडीपाशी आले. या वेळी चालवायच्या सीटवर बसले नाहीत, शेजारी बसले. चालवायला क्लचबाई.

"बाई, तुमची अट होती," लिफ्टकाका म्हणाले. "मी अटीत बसत नाही. तुमचा मुलगा म्हणतो ते बरोबर आहे. एकदा काढलंत तेवढं पुरे. मी उतरतो."

"मग उतरा," क्लचबाई म्हणाल्या, आणि गाडी चालू केली.

"अहो, उतरू कसा? गाडी चालू आहे."

"मग बसा."

गाडी वळणावर आली. मागे गाड्या, पुढे गाड्या. आणि तिथे, भर चौकात, क्लचबाईंच्या पायाखालून क्लच सुटला. गाडीने एक आचका दिला आणि बंद पडली. तीस वर्षांत पहिल्यांदा! पलीकडच्या गाडीत त्यांचाच एक जुना विद्यार्थी होता, त्याने काच खाली करून, हात तोंडाशी धरून ओरडायची संधी सोडली नाही. "बाई! क्लच!"

क्लचबाईंना रडू फुटलं. रडता रडता हसू फुटलं. मागचे हॉर्न वाजवतायत, पुढचे बघतायत, आणि या बाई स्टिअरिंगवर डोकं टेकून दोन्ही एकदम करतायत. लिफ्टकाकांनी घाबरून त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबून धरला होता, बंद गाडीचा.

"ऐका," क्लचबाई नाक पुसत म्हणाल्या. "अट रद्द. अट मी घातली होती, मीच काढते. आजारी असाल तर आजारी. मला वाटलं होतं माझ्यात उरलेलं नाही, पण तुम्ही उतरतो म्हणालात तेव्हा कळलं, उरलंय थोडं. तुमच्यापुरतं उरलंय."

"पण बाई, तीन पूर्णांक सहा..."

"तीन असू दे नाहीतर तेरा. पण नक्की काय आहे ते शहाण्या माणसाला विचारू की नको? अजून एकाही डॉक्टरला दाखवलेलं नाही आपण. रंग बघणारा म्हणतो कावीळ, शेजारी म्हणतो दुधी! अक्कल गहाण टाकली होती आपण सगळ्यांनी." आणि त्यांनी गाडी चालू केली, क्लच नीट दाबून.

डॉक्टरीणबाईही क्लचबाईंकडेच गाडी शिकलेल्या, त्यामुळे आत जायला वेळ लागला नाही. बाई दिसल्या की त्यांचा उजवा पाय अजून आपोआप ब्रेककडे जायचा. त्यांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. लिफ्टकाकांना झोपवून पोट दाबून पाहिलं, डोळे पाहिले, लघवीचा रंग विचारला. आणि मग एक प्रश्न विचारला, जो आजवर कुणीच विचारला नव्हता.

"काका, जेवलात कधी?"

लिफ्टकाका आठवू लागले. आठवताहेत, आठवताहेत. क्लचबाई म्हणाल्या, "मंगळवारी. थोडंसं."

"मंगळवारी!" डॉक्टरीणबाई खुर्चीत मागे रेलल्या. "पहिलं रक्त दिलंत तेव्हा?"

"तेव्हाही उपाशीच होतो. टेन्शन आलं की मला जात नाही हो."

"लहानपणी डोळे पिवळे दिसायचे? ताप आला, खेळून दमलात, जेवण चुकलं, की?"

"आई म्हणायची, हळदीच्या हाताने डोळे चोळू नकोस," लिफ्टकाका म्हणाले. "मी चोळायचो नाही, तरी म्हणायची."

डॉक्टरीणबाई हसायला लागल्या. डॉक्टर हसायला लागला की एकतर जिवात जीव येतो नाहीतर जीव जातो. क्लचबाईंनी खुर्चीची कड घट्ट धरली.

"हे बघा, सगळे बाण बघताय, बाणाच्या खालचं कुणी बघत नाही," डॉक्टरीणबाईंनी पेन्सिल घेतली. "आपल्या रक्तातल्या लाल पेशी जुन्या झाल्या की मोडतात. रोज मोडतात, माझ्या, तुमच्या, सगळ्यांच्या. त्यातून ही पिवळी गोष्ट निघते, बिलिरुबिन. लिव्हर काय करतं, ते गोळा करतं, त्याचं पुडकं बांधतं आणि पित्तातून बाहेर पाठवतं. पुडकं न बांधलेलं सुटं बिलिरुबिन असतं, आणि पुडकं बांधलेलं असतं. दोन्ही मिळून हा वरचा आकडा. आता बघा, काकांचं बांधलेलं किती आहे? शून्य पूर्णांक तीन. ते ठीक आहे. म्हणजे बांधलेलं पुडकं कुठे अडकून पडलेलं नाही. लिव्हर सुजलेलं दाखवणारे हे आकडे, हेही ठीक. हिमोग्लोबिन ठीक. वाढलंय ते नुसतं सुटं."

"म्हणजे बांधणारा कामचुकार आहे?" क्लचबाईंनी विचारलं.

"कामचुकार नाही, सावकाश आहे. जन्मतःच. आणि मालकाने जेवण बंद केलं की आणखी सावकाश होतो. उपाशी राहिलं, झोप कमी झाली, टेन्शन आलं, की आकडा चढतो. जेवलं की उतरतो. याला गिल्बर्ट सिंड्रोम म्हणतात. शंभरात पाच-सात जणांना तरी असतो, बहुतेकांना पत्ताही नसतो. औषध नाही, कारण आजार नाही. पेशी जास्त मोडत नाहीत ना, तेवढं एकदा तपासून घेऊ, म्हणजे माझी खात्री होईल."

"पण नॉर्मल एक पूर्णांक दोन लिहिलंय ना?" लिफ्टकाका हळूच म्हणाले. त्यांना अजून छापलेल्यावर जास्त विश्वास होता.

"नॉर्मल म्हणजे बहुतेकांचं जिथे असतं ते. तुमची उंची किती? सहा फूट दोन इंच? तीही बहुतेकांपेक्षा जास्त आहे. त्यावर मी काय औषध देऊ? बाहेरचा आकडा आला की तपासायचं जरूर, त्याच्याबरोबर आणखी काय बिघडलंय ते बघायचं जरूर. बघितलं. काही बिघडलेलं नाही. आता दोन दिवस पोटभर जेवा आणि मग रक्त द्या."

लिफ्टकाकांनी क्लचबाईंकडे बघितलं. "म्हणजे अट पुरी झाली?"

"अट मी मघाशीच रद्द केली," क्लचबाई म्हणाल्या. "आता फुकट पुरी करू नका." आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्यांना इतकं हसू आलं की शेवटची पायरी चुकली.

घरी येऊन त्यांनी रंगशेठला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी नाही मानत. डोळा खोटं बोलत नाही. पिवळा तो पिवळा." आणि वर जाहीर केलं, की हे लग्न मोडत नाही तोवर तो जेवणार नाही.

"नको जेवू," वहिनी म्हणाली. "एक ताट कमी घासायचं." पण ती मनातून घाबरली होती, कारण हा हट्टाला पेटला की पेटला. खरंच जेवेना. क्लचबाई इकडे लिफ्टकाकांना समोर बसवून उकडलेली अंडी, बटाटे, केळी, पाव भरवतायत, "क्लच! आता गिळा! सोडा क्लच!" असा आरडाओरडा चाललाय, आणि तिकडे मुलगा दुकानात पाण्याच्या बाटलीवर बसलाय.

दोन दिवसांनी लिफ्टकाका रक्त द्यायला निघाले, तर रंगशेठही बरोबर आला. डोळे खोल गेलेले, आवाज बारीक झालेला, पण ऐट तीच. लॅबमधल्या मुलीला म्हणाला, "यांच्याबरोबर माझंही रक्त घ्या. आमच्या धंद्यात कुठलीही शेड एकटी बघत नाहीत. शेजारी चांगला नमुना ठेवावा लागतो, तेव्हा फरक कळतो. नमुना मी."

क्लचबाईंच्या मनात काहीतरी चुळबुळलं, पण काय ते आठवेना. त्या लिफ्टकाकांना म्हणाल्या, "देऊ द्या त्याला. हौसेला मोल नसतं."

रिपोर्ट घ्यायला तिघं गेले, वहिनीही गेली. मुलीने दोन कागद पुढे केले आणि विचारलं, "यातले पेशंट कोण?"

"हे," रंगशेठने लिफ्टकाकांकडे बोट दाखवलं.

"यांचं एक पूर्णांक चार आहे. जेमतेम वर. बाकी सगळं ठीक, डॉक्टरांनी लिहिलेली पेशींची तपासणीही ठीक." मुलीने दुसरा कागद उचलला. "नमुन्याचं तीन पूर्णांक एक."

रंगशेठने कागद ओढून घेतला. बाण. काळाकुट्ट, वर तोंड केलेला. या वेळी मात्र वहिनी बाणाच्या खाली गेली, तिने बोट ठेवत ठेवत वाचलं. "बांधलेलं ठीक... लिव्हरचं हे ठीक... हेही ठीक. अहो, वाढलंय ते नुसतं सुटं! आई, हे तर काकांसारखंच!"

रंगशेठने खिशातून शेडकार्ड काढलं. भिंतीवर हात धुवायच्या जागी आरसा होता, तिथे जाऊन उभा राहिला आणि स्वतःच्या डोळ्याशी पट्ट्या धरू लागला. ‘शंख’ धरली, काढली. ‘मोगरा’ धरली, काढली. मग बराच वेळ एकच पट्टी धरून राहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! जगातले चाळीस पांढरे ओळखणाऱ्या माणसाने स्वतःचा पांढरा कधी बघितलाच नव्हता.

आणि तेवढ्यात क्लचबाईंना ते आठवलं. असं आठवलं की त्या मटकन बाकावर बसल्या.

"अरे देवा," त्या म्हणाल्या. "तुझे बाबा!"

"बाबांचं काय?"

"रुसले की जेवायचे नाहीत, तुझ्यासारखेच. दोन-दोन दिवस. आणि दुसऱ्या दिवशी डोळे पिवळे! मी म्हणायची, अहो, राग डोळ्यांत उतरला, आता तरी जेवा. जेवले की परत स्वच्छ. मला वाटायचं रागाचा रंगच तो. पंचवीस वर्षं संसार केला मी त्या पिवळ्या डोळ्यांशी, आणि एकदाही मनात आलं नाही की हे रक्तात असतं म्हणून."

रंगशेठ आरशासमोरून वळला. हातातलं शेडकार्ड तसंच उलगडलेलं. "म्हणजे हे माझ्यात... हे बाबांचं आहे?"

"बाबांचंच. दुकान ठेवून गेले तुझ्यासाठी, आणि हे."

आणि तो धिप्पाड माणूस, दुकानात वीस वीस किलोचे डबे एका हाताने उचलणारा, लॅबच्या बाकावर आईशेजारी बसून रडायला लागला. "मला वाटलं तू त्यांना विसरलीस," तो म्हणाला. "मला वाटलं, आता घरात त्यांचं काहीच उरणार नाही. आणि वर तू पुन्हा नळकांड्यापाशी बसणार."

"वेड्या," क्लचबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "रोज सकाळी माझ्यासमोर बसून तू चहा पितोस. मी त्यांना विसरेन कशी? आणि नळकांड्याचं म्हणशील, तर ते कुणाच्या नशिबात कधी येईल ते कुठल्या रिपोर्टात लिहिलेलं नसतं. आलं तर बघू. या वेळी तू आहेस, वहिनी आहे. मी एकटी नाही बसणार."

लिफ्टकाका मघाशीच गायब झाले होते. आता ते कोपऱ्यावरच्या बेकरीतून मोठा लोण्याचा बन घेऊन धापा टाकत आले आणि त्यांनी तो रंगशेठच्या समोर धरला. आणि त्यांना आरडाओरड्यातलं जे येत होतं तेच ते म्हणाले. "क्लच दाबा. घ्या. आता सोडा."

रंगशेठ रडता रडता हसला. बन दोन घासांत संपला. मग म्हणाला, "आणखी एक मिळेल?"

लग्नाच्या दिवशी नोंदणी कार्यालयात ही गर्दी! क्लचबाईंनी शिकवलेली अर्धी माणसं आलेली, बाहेर गाड्या अशा वेड्यावाकड्या लावलेल्या की शिकवणाऱ्या बाईंची मान खाली जावी. त्यांची गेली नाही. त्या हसत होत्या. फिकट निळं नेसल्या होत्या आणि दरवाजातून आत येईपर्यंत त्यांना चार वेळा थांबून हसावं लागलं. लिफ्टकाका नवा कोट घालून ताठ उभे होते.

अधिकाऱ्यांनी चष्मा लावला, दोघांची नावं वाचली, राजीखुशीने करताय ना विचारलं, दोघंही एकदम "हो" म्हणाली. मग रिवाजाप्रमाणे त्यांनी मान वर करून विचारलं, "या विवाहाला कुणाची काही हरकत?"

"आहे," मागून आवाज आला. "माझी हरकत आहे."

सगळ्या माना वळल्या. रंगशेठ उभा होता. क्लचबाईंचं हसू जागच्या जागी थांबलं. वहिनीने कपाळावर हात मारला. रंगशेठ गर्दीतून वाट काढत टेबलापाशी आला, त्याने लिफ्टकाकांची हनुवटी धरून त्यांचं तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं आणि डोळे बारीक करून बघितलं. या वेळी कार्ड काढलं नाही.

"‘साय’," तो अधिकाऱ्यांना म्हणाला. "नवरदेव कालपासून उपाशी आहे, साहेब. तो जेवेपर्यंत माझी हरकत आहे. लेखी पाहिजे तर लेखी देतो."

आणि काखेतला डबा त्याने सहीच्या कागदांवरच उघडला. उकडलेली अंडी, लोणी लावलेला पाव, चार केळी. अधिकारी काही म्हणायला गेले, तर क्लचबाईंनी त्यांच्याही हातात एक केळं दिलं. लिफ्टकाकांनी आधी मुलाकडे बघितलं, मग डब्याकडे, आणि मग मान खाली घालून खायला लागले. दोन अंडी खाल्ली, पाव खाल्ला. त्यांचे डोळे भरून आले होते, पण ते चावत राहिले.

"तूही खा," क्लचबाई मुलाला म्हणाल्या. "तुझेही पिवळे दिसतायत."

"दिसू दे," रंगशेठ म्हणाला, आणि लिफ्टकाकांच्या डब्यातलं शेवटचं अंडं त्याने उचललं.